पेढ्यातली गोळी

“तोंड उघड,” आत्या म्हणाल्या.

मी उघडलं.

“जीभ वर कर.”

तीही केली. बाजारात म्हशीचे दात बघतात तसं त्यांनी माझी हनुवटी धरून खिडकीच्या उजेडात आत डोकावून पाहिलं. काहीच सापडलं नाही म्हणून जरा हिरमुसल्याच. मग म्हणाल्या, “मीट आता. खाली बायका याय लागल्यात.”

मला सातवा महिना होता, डोहाळजेवणाचा दिवस होता आणि अंगात सणसणून ताप होता. तापाची एक साधी गोळी मिळावी म्हणून मी सकाळपासून धडपडत होते, आणि ती माझ्या पोटात जाऊ नये म्हणून माझ्या सासूबाई डोळ्यांत तेल घालून पहारा देत होत्या. आमच्या चौगुल्यांच्या घरात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. नात्यात गोडवा यावा म्हणून ही पद्धत असणार. त्या दिवशी मला तो काही जाणवला नाही.

ही सतराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीला लग्न होऊन मी नुकती कुठे रुळत होते. शाळेत आठवी-नववीला जीवशास्त्र शिकवायचे. शरीराचं तापमान, ताप, जंतू, सगळं फळ्यावर आकृती काढून मुलांना समजावणारी बाई मी, आणि घरी मला माझ्याच तापासाठी एक गोळी मिळेना.

ताप आदल्या दिवशी चढला. आमच्या उपाध्ये मॅडम, म्हणजे बाळंतपणाच्या डॉक्टर, त्यांना माझ्या नवऱ्याने फोन केला. त्या म्हणाल्या, “तापाची साधी गोळी द्या, पाणी भरपूर पाजा. उद्यापर्यंत उतरला नाही तर घेऊन या.” इतकं सरळ होतं. पण आत्यांनी ऐकलं आणि फोनकडेच डोळे वटारून पाहिलं.

“बाईनं पोरीच्या अंगाला हात तरी लावला का? फोनवरनं नाडी कळती व्हय?”

तासाभरात घरातल्या यच्चयावत गोळ्या गोळा होऊन त्यांच्या कपाटात कुलपाआड गेल्या. त्यात बिचाऱ्या मामांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही गेल्या. मामांची हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं. आपल्या गोळ्यांनी कुणाचं काय बिघडवलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आत्या त्यांना वेळ झाली की तीर्थ द्यावं तशी एकेक गोळी हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

मला मॅडमनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र चालायच्या. “ते लोखंड हाय. त्यो खुराक झाला, औषध न्हवं,” असा त्यांचा निवाडा होता. त्याला आधार काय, हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

त्यातच शेजारच्या मगदूम काकूंनी तेल ओतलं. गरोदर बाईने गोळ्या खाल्ल्या की पोराच्या मेंदूवर परिणाम होतो, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं.

“कुठल्या गोळ्या, काकू?” मी विचारलं.

“ते पुढं होतं. पण भजी त्याच कागदात बांधून आल्ती, पुढचं समदं तेलात गेलं.”

मी हसले. पण खरं सांगते, भीती मलाही शिवली होती. शाळेत शिकवणं वेगळं आणि आपल्या पोटात कोणीतरी लाथा मारत असताना गोळी तोंडात टाकणं वेगळं. रात्री मी पोटावर हात ठेवून विचार करत राहिले. पण मॅडमनी सांगितलं होतं, आणि तापाने बाळालाही त्रास होतो हे मला ठाऊक होतं. सकाळी उठले तेव्हा माझं ठरलं होतं. गोळी घ्यायची. ती मिळवायची कशी, एवढाच प्रश्न होता.

आत्यांचे उपाय चालूच होते. कपाळावर गार पाण्याच्या घड्या झाल्या, तुळशीचा काढा झाला, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. तळपायांना कांदा चोळून झाला. त्यावर हिरवा शालू, निशिगंधाचा मुकुट, फुलांचे बाजूबंद. माझ्या अंगाला देवळाचा आणि भजीच्या गाडीचा असा एकत्रच वास येत होता.

“डोहाळजेवण पुढं ढकलूया का?” मी एकदा म्हणून पाहिलं.

“पन्नास बायकांस्नी आवतान गेलंय. आणि ताप काय, दिष्ट काढली की उतरतोय,” आत्या म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचा हात माझ्या कपाळावरच होता, आणि तो काही त्या लवकर काढेनात.

माझ्या नवऱ्याचं नाव दिग्विजय. नाव ठेवणाऱ्याने दहा दिशा जिंकण्याची सोय केली होती, पण आईसमोर उभं राहिलं की या माणसाला स्वतःच्या घराची दिशा आठवत नसे. तरी मनाने सोनं. त्या दिवशी घरात बायकांचं राज्य, त्यामुळे त्याला उंबऱ्याच्या आत यायला बंदी होती. त्याच्याकडे एकच काम होतं, वाटीसाठी एक मोठा पेढा आणि बर्फीचा एक मोठा तुकडा आणून द्यायचा. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवतात. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. गरोदर बाईने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून माझं यावर मत होतं, पण ते मी त्या घरात कधी मांडलं नाही.

मी माडीवर खिडकीशी बसले होते. खाली परसात मागाच्या कारखान्याचं दार. तिथे दिग्विजय उभा राहून मला हातवारे करत होता. आत माग धडधडत होते. आमच्या गावात मागाशेजारी वाढलेला माणूस गुपितसुद्धा ओरडूनच सांगतो, कारण नाहीतर ते गुपित ज्याला सांगायचं त्यालाही ऐकू जात नाही.

“आई पेढा उजव्या बाजूला ठेवणार!” तो ओरडला. “ताईच्या डोहाळजेवणाला तसाच ठेवलेला!”

“मग?” मी वरून ओरडले.

“तू उजवी वाटी उचल! आणि सगळा पेढा एकदम खा! कारण मी...”

आणि लाईट गेली. सगळे माग एका क्षणात गप्प झाले, आणि त्या शांततेत दिग्विजयचा आवाज खणखणीत घुमला:

“...पेढ्यात गोळी घातलीय!”

तो स्वतःच दचकला. आम्ही दोघांनी श्वास रोखून इकडेतिकडे पाहिलं. बायका पुढच्या सोप्यात, म्हणजे दर्शनी खोलीत, गाणी म्हणत होत्या, तिथवर गेलं नसावं. परसात दोघंच होते. बाजेवर मामा, त्यांना ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. आणि दाराशी सुताच्या कांड्यांची टोपली घेऊन बसलेले थोरले भावजी.

“बरं,” भावजी म्हणाले आणि पुन्हा कांड्या लावू लागले.

आम्ही सुस्कारा सोडला. तो जरा लवकर सोडला.

भालचंद्र भावजी म्हणजे दिग्विजयचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना भालू म्हणतं. कारखान्यात मागाच्या कांड्या भरायचं काम त्यांच्याकडे असे, आणि त्यांनी भरलेली कांडी कधी अडकत नसे. पाचव्या वर्षापर्यंत ते एक शब्दही बोलले नव्हते म्हणतात. बोलायला लागले ते मोजूनमापून. लोकांच्या डोळ्यांत बघत नसत, कुणी अंगाला हात लावलेला खपत नसे, ताटात भाजीचा रस भाताला लागला तर ताट बाजूला सारत. वस्तू जागच्या जागी लागायच्या. लग्नानंतर माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य होतं, “उज्ज्वला, तुमच्या चपला उलट्या आहेत.” खोटं मात्र त्यांना बोलता येत नाही. बोलत नाहीत असं नव्हे, येतच नाही. विचारलं तर जे असेल ते सांगतात, आणि विचारलं नाही तर वर्षानुवर्षं सांगत नाहीत.

गावातले काही लोक त्यांना अर्धवट म्हणायचे. आत्यांसमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. भावजींचं ताट त्या स्वतः वाढायच्या, एकाला एक लागू न देता, आणि वाढताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की आपण तिथून उठून जावं.

मला खाली नेऊन चौरंगावर बसवलं. ओटी भरली, गाणी झाली. माझ्या डोळ्यांपुढे बायकांच्या नथा तरंगत होत्या. मग आत्यांनी दोन झाकलेल्या वाट्या आणून ठेवल्या. दिग्विजयने सांगितल्याप्रमाणे मी उजवीकडे हात नेला.

“थांबा थांबा,” मगदूम काकू म्हणाल्या. “मांडणारीला ठाऊक असतंय कशात काय. असं न्हाई चालत.” आणि त्यांनी दोन्ही वाट्या अशा काही भराभरा फिरवल्या की जत्रेतला वाट्यांखाली गोटी लपवणाराही हरला असता.

मी देवाचं नाव घेतलं आणि एक उचलली.

बर्फी.

“मुलगी, मुलगी!” बायका म्हणाल्या. काही खरंच खूश झाल्या, काहींनी खूश झाल्याचं दाखवलं. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. मगदूम काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, “अगं, मुलगी म्हंजे लक्ष्मी. रडतीस काय?” त्यांना काय सांगणार? मला मुलगा नको होता, मुलगी नको होती, मला पेढा हवा होता.

“ह्यो पेढा वाया कशाला घालवायचा?” आत्या म्हणाल्या. “भालूला लई आवडतोय. भालू, ये रं बाबा.”

भावजींना बायकांत यायला आडकाठी नव्हती. ते आले. आत्यांनी पेढा उचलून त्यांच्या तोंडाशी नेला. मी “नको” म्हणायला तोंड उघडलं.

“मला नको,” भावजी म्हणाले. “त्यात गोळी आहे.”

सगळ्या बायकांच्या माना भावजींकडे वळल्या.

“चेष्टा करतोय,” मगदूम काकू हसत म्हणाल्या.

“भालू कवा चेष्टा करतोय व्हय?” आत्या म्हणाल्या. “कसली गोळी, भालू?”

“तापाची. उज्ज्वलाची आहे. दिग्यानं घातलीय. गोळीची जागा डब्यात असते, पेढ्यात नाही.”

आत्यांनी पेढा फोडला. आतून पांढरी गोळी अर्धी बाहेर आली. मागून एक म्हातारी म्हणाली, “पेढ्यात गोळी निघाली? मग पोर डाक्टर हुणार बघा.” आणि बायकांत असा हशा पिकला की कुणी कुणाच्या अंगावर पडतंय कळेना.

मला वाटलं, आता आत्या माझ्यावर बरसणार. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. पेढ्याकडे बघत होत्या, मग भावजींच्या तोंडाकडे, पुन्हा पेढ्याकडे. चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. मी आजवर त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांची समजूत घालावी म्हणून मी उठले, आणि अख्खा सोपा माझ्याभोवती फिरला. मुकुट एकीकडे गेला, मी मगदूम काकूंच्या मांडीवर गेले.

पुढचं काम दिग्विजयने केलं. बायकांच्या गर्दीतून चपलांसकट आत आला आणि आईला म्हणाला, “बास झालं. मी रिक्षा आणलीय.” आयुष्यात पहिल्यांदा त्याने आईला ‘बास’ म्हटलं. मला त्याही अवस्थेत अभिमान वाटला.

रिक्षात मी, मला सावरून धरलेल्या आत्या, आणि डाव्या कडेला भावजी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण रिक्षातली डावी कड ही त्यांची जागा, आणि ते बसले की त्यांना उतरवणं कुणाच्या बापाला जमत नाही. दिग्विजय रिक्षावाल्याच्या सीटवर अर्धा लटकत होता.

हिरवा शालू, फुलांचे बाजूबंद आणि कानावर आलेला मुकुट अशा थाटात मी उपाध्ये मॅडमपुढे उभी राहिले, तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “नाटक अर्धं सोडून आलात काय?”

मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्यांचं हसू गेलं. ताप मोजला, पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. ते ठीक होते. ते ऐकून मला रडूच फुटलं. रक्त तपासायला पाठवा म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. “काल सांगितलेली गोळी किती वेळा घेतली?”

“एकदाही नाही.”

“का?”

“मी दिली न्हाई,” आत्या म्हणाल्या. लपवणं त्यांच्याही स्वभावात नव्हतं.

“अहो ताई,” मॅडम म्हणाल्या, “गरोदर बाईनं मनानं गोळ्या खाऊ नयेत, इथवर तुमचं बरोबर. पण विचारून, लागेल तेवढी, लागेल तितकेच दिवस घ्यायला काय हरकत? ताप असा अंगात ठेवणं बाळाला चांगलं नाही.” त्यांनी एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. पाण्याचा ग्लास भरून टेबलावर ठेवला.

आत्यांनी माझं मनगट धरलं. “आणि डोक्याचं काय? पोराच्या डोक्याला काय झालं तर?”

“असं कुठं वाचलंत?”

“मी कुठलं वाचतीया?”

“मग कोणी सांगितलं?”

आत्यांनी मान फिरवली. मनगट काही सोडेनात. मॅडमनी पुन्हा विचारलं, “सांगा ना ताई. कोणी सांगितलं?”

“आजीनं,” भावजी म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. प्रश्न दोनदा विचारला गेला होता आणि कुणीच उत्तर देत नव्हतं, ते त्यांना बघवलं नसणार.

“आजी म्हणायची,” ते पुढे म्हणाले, “भालू पोटात असताना हिला ताप आला. हिनं गोळ्या खाल्ल्या. म्हणून भालू असा.”

माझ्या मनगटावरची पकड सुटली. आत्या मटकन खुर्चीत बसल्या. मग मॅडमना म्हणाल्या, “खरं हाय. ताप उतरंना झाल्ता. कंपौंडरनं गोळ्या दिल्या, त्या मी खाल्ल्या. पोरगं पाच वर्सं बोललं न्हाई. सासूबाई मरस्तोवर म्हणत होत्या, तुझ्या जिभंनं माझ्या नातवाचं डोकं खाल्लं.”

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. “ताई, घरात एक गोळी आली नाही अशा घरांतही भालचंद्रसारखी मुलं जन्मतात. त्यांची घडणच वेगळी असते, पुष्कळदा रक्तातून येते. एका मुलाकडे बोट दाखवून ‘हे अमक्या गोळीनं झालं’ असं कुणालाच सांगता येत नाही. मोठमोठ्या लोकांनी शोध घेतलेत. तापाच्या साध्या गोळीवर त्यांनाही हे शाबीत करता आलेलं नाही. तुमच्या सासूबाईंनी तर शोधही घेतला नव्हता.”

“मग माझ्यामुळं न्हवं?”

“तसं मानायला मला काहीच कारण दिसत नाही.”

आत्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्यांचं मॅडमकडे लक्षच नव्हतं. त्या लेकाकडे बघत होत्या.

“भालू, तुला हे कवापास्नं ठाऊक हाय?”

“लहान असल्यापासून.”

“मग मला कवा बोलला न्हाईस?”

“तू विचारलं नाहीस.”

“राग आला न्हाई तुला माझा?”

भावजींनी नीट विचार केला. विचारल्यावर ते नेहमीच करतात. मग म्हणाले, “राग कशाचा? ताप तुला आलेला.”

आत्यांनी पदर तोंडाला लावला. दिग्विजय खिडकीतून बाहेर बघू लागला आणि मॅडम उगाचच टेबलावरच्या वस्तू सरळ करू लागल्या. मी तर तापात होतेच, मला रडायला कुणाची परवानगी नको होती.

“मग उतरला का?” भावजींनी विचारलं.

“काय रं?”

“ताप. तेव्हाचा.”

“उतरला,” आत्या म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी उतरला बाबा.”

“मग बरं झालं,” भावजी म्हणाले.

आत्यांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग डोळे पुसून उठल्या, टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि माझ्या ओठांशी धरला.

“घे पोरी,” त्या म्हणाल्या.